निविदा पेटी गेली, टक्केवारीचे काय?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आमच्याकडे सोपवलेला विषय पहिल्यांदा ऐकताना साहेबांच्या टेबलावरचा वाटतो. सरकारी खरेदी कागदावरून संगणकावर गेली. त्यामुळे कारभार उघडा झाला काय आणि खाबूगिरीला आळा बसला काय, असा तो विषय आहे. टेंडर काढणार अधिकारी, भरणार कंत्राटदार. त्यात ट्रॅकमनचा, खलाशाचा, सॉर्टरचा, पोस्टमनचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो रोजचा आहे. रुळाखालची खडी, डब्याचा ब्रेक ब्लॉक, गँगच्या हातातली हत्यारे, आपल्या अंगावरचा गणवेश, टपालाची थैली, काउंटरवरचा प्रिंटर, यातली प्रत्येक वस्तू कोणत्या तरी निविदेतून येते. ती निकृष्ट आली तर फायलीला काही होत नाही, रुळावर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

शिवाय गेल्या तीस वर्षांत खरेदीच्या यादीत एक नवा जिन्नस आला आहे. तो म्हणजे माणूस. स्थानकाची सफाई, गाडीतल्या चादरींची धुलाई, मालाची चढउतार, पहारा, कार्यालयातले टंकलेखन ही कामे पूर्वी बहुतांशी खात्याची माणसे करीत. आज त्यांतली पुष्कळशी कामे 'सेवा' या नावाने विकत घेतली जातात. आपल्या शेजारी उभा राहून काम करणारा कंत्राटी कामगार कोणत्या दराने, किती दिवसांसाठी आणि कोणत्या अटींवर आला हे निविदेत ठरलेले असते. तेव्हा निविदा कशी निघते, कशी भरली जाते आणि मंजूर झाल्यावर तिचे पुढे काय होते, हे समजून घेणे आपल्या कामाचाच भाग आहे.

पेटीचे दिवस

जुनी पद्धत आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. निविदेची सूचना कोणी फारसे वाचत नाही अशा वर्तमानपत्रात छापायची. फॉर्म घ्यायला बाहेरगावचा कंत्राटदार आला तर फॉर्म संपले म्हणून सांगायचे. तरी तो चिकाटीने फॉर्म मिळवून आला, तर शेवटच्या दिवशी निविदा पेटीपाशी चार दांडगट उभे करायचे. पेटी उघडल्यावर कोणाचा दर किती हे पाहून आपल्या माणसाचा कागद मागाहून सरकवायचा, नाहीतर एखाद्या आकड्यावर शाई फिरवायची. यातले काहीच जमले नाही तर कंत्राटदारांनी आपसांत बसून पाळी ठरवायची: हे काम तुझे, पुढचे माझे. या साखळीत अधिकाऱ्याचा टक्का ठरलेला असे, आणि तो सर्वांना तोंडपाठ असे.

हे केवळ किरकोळ चिरीमिरीचे प्रकरण नव्हते. ईशान्य रेल्वेचे मुख्यालय असलेल्या गोरखपुरात १९८० च्या दशकात रेल्वेच्या ठेक्यांवरून टोळ्यांचे वैर पेटले आणि त्यात माणसे मेली. ठेका हे सत्तेचे साधन झाले की काय होते याचे ते उदाहरण आहे.

म्हणून खरेदी संगणकावर आली तेव्हा तिचे स्वागत झाले ते योग्यच होते. आंध्र प्रदेश सरकारने २००३ मध्ये ई-खरेदी सुरू केली. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय दक्षता आयोगाने सरकारी खात्यांना निविदा संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यास सांगितले. रेल्वेत 'क्रिस' या रेल्वेच्याच संगणक संस्थेने 'आयआरईपीएस' ही व्यवस्था उभी केली, आणि आज मालाच्या खरेदीपासून बांधकामाच्या कामांपर्यंत व भंगाराच्या लिलावापर्यंतचे व्यवहार तिच्यावरून होतात. २०१२ पासून केंद्र सरकारच्या खात्यांना आपल्या निविदा केंद्रीय सार्वजनिक खरेदी पोर्टलवर टाकणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले. पुढे ९ ऑगस्ट २०१६ रोजी 'गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस' म्हणजे 'जेम' सुरू झाले. सरकारसाठी दर-करार करणारे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद करण्यात आले. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी, जे जेमवर मिळते ते जेमवरूनच घ्यावे, असा दंडक घातला. २०२१-२२ मध्ये जेमवरची उलाढाल १ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. २०२४-२५ मध्ये ती ५ लाख कोटींच्या वर होती. एवढा पैसा एका खिडकीतून जातो. त्या खिडकीच्या काचा स्वच्छ आहेत की नाहीत, हे पाहिलेच पाहिजे.

जे खरेच सुधारले

टीका करण्याआधी जमेची बाजू मांडली पाहिजे, नाहीतर आपले म्हणणे कोणी ऐकणार नाही.

पहिली गोष्ट, पेटीपाशी माणूस अडवणे बंद झाले. घरी बसून निविदा भरता येते म्हटल्यावर दांडगटांचा धंदा बसला. दुसरी गोष्ट, बोली उघडण्याची वेळ यंत्राने बांधली, त्यामुळे मागाहून कागद सरकवणे अवघड झाले. तिसरी गोष्ट, दूरच्या कंत्राटदाराला दार उघडले.

या तिसऱ्या गोष्टीचा चांगला अभ्यास झालेला आहे. भारतातील पंतप्रधान ग्रामसडक योजनेचे रस्ते आणि इंडोनेशियातील सार्वजनिक कामे यांवर ई-निविदेचा काय परिणाम झाला हे काही अर्थशास्त्रज्ञांनी तपासले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. सरकारला काम स्वस्त पडेल अशी सर्वांची अपेक्षा होती. किंमत कमी झाल्याचे काही आढळले नाही. मात्र बाहेरच्या भागातले कंत्राटदार जास्त प्रमाणात जिंकू लागले, भारतात रस्त्यांचा दर्जा सुधारला आणि इंडोनेशियात कामातली दिरंगाई कमी झाली. म्हणजे ई-निविदेचा खरा लाभ पैशाच्या बचतीत दिसला नाही, चांगल्या कंत्राटदाराला वाट मिळण्यात दिसला. हे लक्षात ठेवा, कारण आपले अधिकारी मात्र प्रत्येक पत्रकात 'इतके कोटी वाचले' एवढेच सांगतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. संगणकावर केलेल्या व्यवहाराचा माग राहतो. पुणे महानगरपालिकेने डिसेंबर २०१४ ते मार्च २०१५ या काळात कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदा काढल्या होत्या. नागरिक चेतना मंच या पुण्यातील संस्थेने त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. चौकशीत निघाले की एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्या कंपन्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरल्या होत्या. आयपी पत्ता म्हणजे संगणकाच्या जोडणीचा घरक्रमांक समजा. तीन वेगवेगळ्या घरांतून यायची पत्रे एकाच घरातून टाकली गेली, हे यंत्राने नोंदवून ठेवले होते. मे २०१८ मध्ये आयोगाने हे संगनमत असल्याचा निर्णय दिला.

या प्रकरणातून एक धडा घ्यावा. नोंद यंत्रात पहिल्या दिवसापासून पडून होती. तिने स्वतःहून ओरड केली नाही. तक्रार करणारे नागरिक पुढे आले आणि चौकशीचा अधिकार असलेला आयोग मागे लागला, तेव्हा ती नोंद बोलली. पारदर्शक काचेच्या पलीकडचे दिसते, पण बघणारा असेल तर.

खाबूगिरीने वाट बदलली

आता दुसरी बाजू. पाण्याला एका जागी बांध घातला की ते दुसरीकडून वाट काढते. निविदा भरणे आणि उघडणे या मधल्या टप्प्यावर यंत्राने पहारा बसवला, तसा मलिदा दोन टोकांना सरकला: एक टोक निविदा निघण्याच्या आधीचे आणि दुसरे ती मंजूर झाल्यानंतरचे.

आधीचे टोक पाहा. निविदेत वस्तूचा तपशील कोणी तरी लिहितो. एवढी उंची, एवढे वजन, अमुक प्रकारचे झाकण, मागील तीन वर्षांत अमुक इतकी उलाढाल. हा तपशील एकाच कंपनीच्या मापाने शिवला की पुढे शंभर जणांना दार उघडे असून उपयोग नाही. आत एकटाच मावतो. यंत्र तपशील बरोबर पाळला की नाही हे तपासते. तो कोणाच्या सोयीने लिहिला हे तपासत नाही. ठरावीक रकमेखालची खरेदी बोली न मागवता करता येते. तेव्हा मोठ्या मागणीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा त्या रकमेखाली बसवायचा, ही युक्तीही जुनीच आहे. वित्तीय नियमांत तिला मनाई आहे, पण मनाईचा फलक लावला म्हणून चोरवाट बुजत नाही. किमान तीन विक्रेत्यांचे भाव पाहावेत असा नियम असला, आणि तिन्ही दुकाने एकाच घरातली असली, तर तुलना कागदावर पूर्ण होते.

संगनमतही संपलेले नाही. आपल्या रेल्वेचेच उदाहरण घ्या. डब्यांच्या कंपोझिट ब्रेक ब्लॉकचा पुरवठा करणाऱ्या दहा कंपन्यांनी निविदांचे दर आपसांत ठरवले, असा निर्णय स्पर्धा आयोगाने जुलै २०२० मध्ये दिला. दंड न करता पुन्हा असे न करण्याची ताकीद देऊन आयोगाने प्रकरण मिटवले. ब्रेक ब्लॉक ही काय वस्तू आहे हे या सभेत समजावून सांगण्याची गरज नाही. पूर्वी साखळी ठरवायला हॉटेलात बसावे लागे. आता फोनवर ठरते, आणि मग प्रत्येक जण आपापल्या संगणकावरून नियमानुसार बोली भरतो. यंत्राला बोली दिसते, फोन दिसत नाही.

यंत्रच फोडले जाण्याचा धोका वेगळा. मध्य प्रदेशात २०१८ मध्ये पाणीपुरवठ्याच्या ई-निविदांत, बंद असलेल्या बोलींचे आकडे पाहून आपल्या माणसाची बोली बदलल्याचा आरोप झाला. एप्रिल २०१९ मध्ये तेथील आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. कोण दोषी हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपल्यापुरता मुद्दा असा की, पूर्वी पेटीची किल्ली एका कारकुनाकडे असे आणि ती कोणाकडे आहे हे सगळ्या कार्यालयाला माहीत असे. आता किल्ली संकेतशब्दाच्या रूपात असते आणि ती कोणाकोणाकडे आहे हे फार थोड्यांना माहीत असते. कर्नाटकात २०१९ मध्ये ई-खरेदी यंत्रणेत घुसून सुमारे साडेअकरा कोटी रुपये परस्पर वळवले गेले. म्हणून यंत्र आहे म्हणजे चोरी अशक्य, हा भोळेपणा आपण करू नये.

सर्वांत स्वस्त माणूस

मित्रहो, आता दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे निविदा मंजूर झाल्यानंतर काय होते तिकडे येऊ. आपल्याशी सर्वांत जवळचा संबंध इथेच येतो.

वस्तूची खरेदी आणि माणसाच्या श्रमाची खरेदी यात फरक आहे. खुर्ची सर्वांत कमी दराने घेतली तर फार तर ती लवकर मोडते. माणूस सर्वांत कमी दराने घेतला तर त्याच्या घरची चूल मोडते. किमान वेतनाच्या खाली बोली जाता येत नाही हे खरे. म्हणून मनुष्यबळाच्या निविदांत स्पर्धा होते ती कंत्राटदाराच्या सेवाशुल्कावर. काही काळ ही स्पर्धा शून्य टक्क्यापर्यंत, जवळजवळ फुकटापर्यंत घसरली. म्हणून पुढे सेवाशुल्काला तळ घालून देण्यात आला, आणि २०२३ नंतर ३.८५ टक्के हा आकडा जेमवरच्या अशा बोलींत सर्रास दिसू लागला. मग पुष्कळ जण तोच आकडा लिहितात, बरोबरी होते, आणि ती सोडवायला यंत्रच त्यांतला एक निवडते. ज्याला स्पर्धा म्हटले ती शेवटी सोडत होते.

साधा हिशेब करून पाहू. समजा, वीस कामगार आहेत आणि प्रत्येकाचे महिन्याचे वेतन १५ हजार रुपये. एकूण ३ लाख. त्यावर ३.८५ टक्के म्हणजे ११ हजार ५५० रुपये. एवढ्यात कंत्राटदाराने मुकादम ठेवायचा, कार्यालय चालवायचे, बँक हमी द्यायची, आणि खात्याने बिल दोन-तीन महिने लांबवले तर तोवर पदरचे पगार द्यायचे. कोणताही धंदेवाला हा व्यवहार सचोटीने फार दिवस करू शकणार नाही. मग तो का करतो? कारण उरलेली रक्कम तो दुसरीकडून काढतो. वेतन नियमाप्रमाणे बँकेत जमा होते. दुसऱ्या दिवशी मुकादम येतो आणि माणशी २ हजार रुपये रोख परत घेतो. वीस माणसांचे ४० हजार झाले, म्हणजे सेवाशुल्काच्या तिपटीहून जास्त. कुठे एटीएम कार्डच मुकादमाच्या खिशात असते. कुठे हजेरीत वीस नावे आणि जागेवर चौदा माणसे असतात. वीस जणांचे काम चौदांकडून करून घेतले जाते. भविष्य निर्वाह निधीची कपात होते, भरणा होत नाही. पडद्यावर मात्र सारे स्वच्छ असते: निविदा ऑनलाइन, बोली ऑनलाइन, वेतन बँकेतून, बिल ऑनलाइन.

हे सगळीकडे असेच चालते असे आम्ही म्हणत नाही. सचोटीचे कंत्राटदार आहेत आणि कडक अधिकारीही आहेत. पण निविदेचे गणितच असे मांडलेले असेल की सचोटीने धंदा करणारा तोट्यात जाईल, तर ते गणित मांडणाऱ्यांना जबाबदारी झटकता येणार नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या रेल्वेविषयीच्या अहवालातही कंत्राटी कामगारांच्या वेतनाबाबत कायदा पाळला जात नसल्यावर बोट ठेवले आहे.

त्याच वर्षी, २०१८ मध्ये, १ ऑक्टोबरला रेल्वेने 'श्रमिक कल्याण' हे पोर्टल सुरू केले. कंत्राटदाराने प्रत्येक कामगाराच्या वेतनाची नोंद त्यावर करायची आणि ती झाल्याचे संबंधित अभियंत्याने प्रमाणित केल्यावर बिल द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. कल्पना उत्तम आहे. निविदेइतकेच वेतनही उघडे झाले पाहिजे, हे तिने मान्य केले. पण ही नोंद कंत्राटदार करतो आणि प्रमाणपत्र साहेब देतो. ज्याच्या खिशाची गोष्ट चालली आहे त्या कामगाराला कोणी विचारत नाही. त्याला ते पोर्टल आहे हे ठाऊक असते काय, हा प्रश्न आपण आपापल्या डेपोत जाऊन विचारावा.

कायदा या बाबतीत मुका नाही. कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर मूळ मालकाने ते द्यावे, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. या संहितांना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. परंतु मूळ मालकाची ही जबाबदारी नव्या संहितेतही आहे. रेल्वे आणि टपाल खाते यांना हात झटकता येणार नाहीत.

पडदा पुन्हा ओढला की

उघड खरेदीचे महत्त्व किती, हे कळण्यासाठी एक परदेशी उदाहरण पुरे आहे. युक्रेनमध्ये सरकारी खरेदीतील लुटीला जनता विटली होती. २०१४ च्या उठावानंतर तेथील कार्यकर्त्यांनी 'प्रोझोरो' नावाची ई-खरेदी व्यवस्था उभारली आणि ऑगस्ट २०१६ पासून ती सर्व सरकारी खरेदीला बंधनकारक झाली. तिचे वैशिष्ट्य असे की बोली, दर, करार हे सारे कोणालाही पाहता येत असे. त्याच वर्षी 'डोझोरो' नावाचे दुसरे व्यासपीठ निघाले. त्यावर सामान्य नागरिक निविदा तपासून तक्रार करू शकत.

पुढे २०२२ मध्ये युद्ध सुरू झाले आणि लष्करी खरेदी गुप्ततेच्या कारणाने पडद्याआड गेली. जानेवारी २०२३ मध्ये एका पत्रकाराने उघडकीस आणले की सैनिकांच्या जेवणासाठीची अंडी १७ रिव्हनियाला एक या दराने घेण्याचा करार झाला आहे. कीव्हच्या दुकानात तेच अंडे ७ रिव्हनियाच्या आसपास मिळत होते. रिव्हनिया हे तेथील चलन. उपसंरक्षणमंत्र्यांना पद सोडावे लागले आणि लष्कराच्या अन्नधान्यासारख्या खरेदीचे दर पुन्हा उघड करण्याचा कायदा झाला. यंत्र तेच होते, देश तोच होता. पडदा ओढला आणि भाव दुपटीच्या वर गेला. पडदा बाजूला झाला आणि हिशेब द्यावा लागला. आपल्याकडेही 'व्यापारी गुपित' किंवा 'सुरक्षेचे कारण' हे शब्द कानावर पडले की पडदा कोणाच्या सोयीसाठी ओढला जात आहे, हे विचारले पाहिजे.

आपण काय करावे

हे ऐकून आपण करायचे काय, असे तुम्ही विचाराल. आमच्या मते संघटनेने चार कामे हाती घ्यावीत. एकालाही मोठा खर्च नाही.

पहिले काम वाचनाचे. प्रत्येक शाखेत दोन तरुण सभासदांनी निविदा वाचायला शिकावे. आयआरईपीएस, जेम आणि केंद्रीय पोर्टल यांवर निविदांचा पुष्कळ मजकूर कोणालाही पाहता येतो. आपल्या विभागात सफाईचे काम कोणाला, किती माणसांसाठी, किती काळासाठी मिळाले, हे शाखेच्या वहीत लिहून ठेवावे. मग जागेवर जाऊन माणसे मोजावीत. वीस लिहिलेली आणि चौदा उभी असतील तर त्यासाठी लेखापरीक्षक लागत नाही. खडीच्या घनमीटरचा आकडा मापन पुस्तकात काय आहे हे अभियंत्याला ठाऊक असते. रुळाखाली खरोखर किती पडली हे ट्रॅकमनला ठाऊक असते. हे दोन आकडे एकमेकांना भेटत नाहीत म्हणून चोरी जगते. ती भेट घडवून आणणे हे आपले काम.

दुसरे काम माहितीचा अधिकार वापरण्याचे. २००५ च्या या कायद्यात केवळ कागद मागण्याचा अधिकार नाही. काम पाहण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. केंद्रीय खात्यात अर्जाला १० रुपये लागतात. वैयक्तिक माहिती म्हणून नकार मिळू नये यासाठी कामगारांची नावे मागू नयेत. मंजूर माणसांची संख्या, ठरलेला दर, दिलेली एकूण रक्कम आणि भविष्य निर्वाह निधीच्या भरण्याच्या पावत्या मागाव्यात.

तिसरे काम कंत्राटी कामगाराला साथ देण्याचे. त्याला आपल्या निधीचे पासबुक मोबाईलवर कसे पाहायचे हे शिकवावे. 'श्रमिक कल्याण'वरची आपली नोंद अधिकाऱ्याकडून दाखवून घ्यायला त्याच्यासोबत जावे. तो एकटा बोलला तर पुढच्या महिन्यात त्याचे नाव हजेरीतून जाते. नव्या निविदेत कंत्राटदार बदलतो, तेव्हा तोंड उघडणारा आधी बाहेर पडतो. त्याच्या मागे कायम कामगारांची संघटना उभी आहे हे दिसले तर मुकादमाचा हात आखडतो. 'तो आपला सभासद नाही' असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की, आज त्याचे श्रम ज्या दराने विकत घेतले जातात त्याच दराशी उद्या तुमच्या पदाची तुलना होणार आहे.

चौथे काम मागणीचे. मनुष्यबळाच्या प्रत्येक निविदेचा करार, माणसांची संख्या आणि वेतनाचा दर कामाच्या जागी मराठीत वा तेथील भाषेत फलकावर लावावा. बिल मंजूर होण्यापूर्वी कामगारांच्या प्रतिनिधीची सही घ्यावी. तपशील ठरवताना ती वस्तू वापरणाऱ्या कामगारांचे मत नोंदवावे. हातोड्याचा दांडा कसा असावा हे हातोडा मारणाऱ्याला विचारल्याने सरकारचे काही बिघडत नाही. आणि जी कामे बारमाही आहेत ती निविदेतून विकत न घेता नियमित पदांवर करून घ्यावीत, ही आपली मूळ मागणी तर आहेच.

तक्रार करणाऱ्याच्या संरक्षणाबद्दल एक शब्द. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार वर कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांची नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे हत्या झाली. त्यानंतर २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव करून, तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवून चौकशी करण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले. या मार्गाने तक्रार करताना लिफाफ्यावर तसे लिहावे लागते आणि पत्राबाबत स्वतः कोठे वाच्यता करायची नसते. ही माहिती प्रत्येक शाखेच्या फलकावर असावी. शौर्य दाखवायला कोणाला एकट्याला पुढे ढकलू नये. संघटनेच्या नावाने जे करता येते ते संघटनेच्याच नावाने करावे.

बंधुभगिनींनो, कार्यालयात संगणक आला तेव्हा कामगार संघटनांनी नोकऱ्यांचे काय, असा प्रश्न विचारला होता आणि तो विचारणे आवश्यक होते. खरेदीच्या संगणकाबद्दल आज आपला प्रश्न वेगळा आहे. हे यंत्र आपल्याला हवे आहे. निविदा पेटीकडे परत जावे असे कोणी म्हणत नाही. पण यंत्राने जे उघडे केले ते वाचायला माणूस लागतो, आणि यंत्राला जे दिसत नाही ते सांगायलाही माणूसच लागतो. नागपूर असो की इटारसी, भुसावळ असो की सिकंदराबाद, रुळावर, शेडमध्ये, आर.एम.एस.च्या टेबलाशी तो माणूस रोज हजर असतो. त्याने पाहिलेले त्याच्या संघटनेच्या वहीत उतरले पाहिजे. या अभ्यासवर्गातून परत गेल्यावर आपापल्या जागेवरची एक निविदा शोधा, ती वाचा, जागेवर जाऊन माणसे मोजा, आणि जे दिसेल ते पुढच्या बैठकीत लेखी घेऊन या. तिथून पुढचे बोलणे आपण त्या कागदावर करू.